'कोल्हापूर' इंजिनाचा खोटा गौरव

१/ इंग्लंडमध्ये जतन केलेल्या 'कोल्हापूर' या वाफेच्या इंजिनाचे छायाचित्र 'ब्रिटिशांनी करवीरनगरीला दिलेली मानवंदना' म्हणून मिरवले जाते. हा समज निराधार आहे.

२/ लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने १९३४-३६ मध्ये १९१ इंजिने घेतली. पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवावरून या वर्गाला 'ज्युबिली' हे नाव मिळाले. इंजिनांना साम्राज्यातील प्रदेश, नौसेनानी व युद्धनौका यांची नावे दिली गेली. ५५९१ उदयपूर, ५५९२ इंदूर, ५५९३ कोल्हापूर, ५५९४ भोपाळ. धन्याने मालमत्तेची यादी करावी, तसा हा क्रम आहे.

३/ आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेनंतर 'आयरिश फ्री स्टेट' इंजिनाची पाटी बदलून 'एरा' झाली. युनायटेड प्रॉव्हिन्सेसचा १९५० साली उत्तर प्रदेश झाला. त्या नावाच्या इंजिनावरची पाटी मात्र तशीच राहिली.

४/ 'कोल्हापूर'ने १९६७ पर्यंत ब्रिटनमध्ये इमानाने सेवा केली. त्या यंत्राविषयी आदर असावा. परंतु करवीरच्या रेल्वेचा इतिहास १८९१ साली सुरू झालेल्या, संस्थानाच्या मालकीच्या मिरज-कोल्हापूर मार्गात आहे. तो मार्ग मीटरगेज होता. हे इंजिन त्या रुळांवर उभेही राहिले नसते. अभिमान बाळगायचाच, तर त्या मार्गाचा बाळगावा.