पूल उचलायचा कुणी?

दोस्तांनो, विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की घरोघर पुठ्ठे, डिंक आणि आईची ओरड यांना ऊत येतो. यंदा बऱ्याच जणांना बोट आली की वर उचलला जाणारा पूल करायचाय. रामेश्वरमजवळच्या १९१४ सालच्या जुन्या पांबन पुलाचे दोन पंखे माणसं हाताने यंत्र फिरवून उचलत. तुमचा पूल कोण उचलणार?

सरळ रेषेत ढकलणाऱ्या किंवा ओढणाऱ्या साधनाला लिनिअर अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. नाव जडजंबाल, पण जेसीबीचा हात हलवणारी चकचकीत दांडी तुम्ही पाहिलीच आहे, तीच ही!

लगेच दुकानात धावू नका. आधी पुलाची फळी वजनकाट्यावर ठेवा. समजा, ती ४० सें.मी. लांब आणि ४०० ग्रॅमची आहे. बिजागरीपासून ५ सें.मी.वर ढकललंत, तर जोर लागेल १६०० ग्रॅमचा! १० सें.मी.वर ढकललंत तर ८०० ग्रॅमचा. मात्र दांडी दुप्पट सरकायला हवी. जोर वाचवला की अंतर वाढतं, फुकट काही नाही.

आता साधन निवडा. औषधांच्या दुकानातून बिनसुईच्या दोन नव्या सिरिंज आणा (सापडलेली, वापरलेली सिरिंज कधीच नको) आणि नळीने जोडा. पुलाखालच्या सिरिंजची आतली रुंदी हातातल्या सिरिंजच्या दुप्पट असेल, तर जोर चौपट मिळतो, पण दट्ट्या पाव अंतरच सरकतो.

गेल्या वर्षी मीच मुलांना म्हटलं, "पाणी कशाला? सांडेल. हवाच असू द्या." झालं! पाहुण्यांसमोर दट्ट्या दाबला, पूल ढिम्म. आणखी दाबला तर टुणकन उडाला. हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. हे पाचवीला शिकवणारी मी, आणि ऐन वेळी विसरले! दुसऱ्या दिवशी मुलांनी पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे काढले आणि पूल शहाण्यासारखा उठला.

पूल बराच वेळ वरच राहायला हवा असेल, तर मात्र आटे असलेला रॉड, नट आणि बॅटरीवरची गिअरची मोटर घ्या. ६ मि.मी. जाडीच्या नेहमीच्या रॉडवर एका फेऱ्यात नट १ मि.मी. सरकतो. मोटर मिनिटाला १०० फेरे घेत असेल, तर ४ सें.मी.ला २४ सेकंद. गोगलगायच! पण बॅटरी काढली तरी पूल खाली येत नाही.

घरातल्या प्लगला हात लावायचा नाही हं. आणि आईबाबा, वजनकाटा दोन दिवस मुलांकडे राहू द्या.