शब्द कुणी बंद केला?

सरकारी कागदातून अमुक शब्द काढायला सांगितला, अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी खुलासा ठरलेला. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेत सात शब्द टाळायला सांगितल्याची बातमी आली. संचालिका म्हणाल्या, बंदी वगैरे काही नाही. जुलै २०२२ मध्ये असंसदीय शब्दांच्या पुस्तिकेवर ओरड झाली, तेव्हा लोकसभाध्यक्ष ओम बिर्लाही तेच म्हणाले. आयुष्य टिपणं लिहिण्यात गेलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला सांगाल तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात हो! एकदा मी 'मराठी अर्जदार' असं लिहिलं होतं. साहेबांनी पहिला शब्द खोडून 'काही अर्जदार' केलं. आदेश नाही, परिपत्रक नाही. नुसतं पेन.

हेच पेन बिदरमध्ये चाललं, आणि आपल्यापैकी कित्येकांनी टाळ्या पिटल्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये येडियुरप्पांनी मराठा विकास प्राधिकरण जाहीर केलं. पन्नास कोटी रुपये. बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणची पोटनिवडणूक समोर होती, हा योगायोग म्हणायचा! कन्नड संघटना खवळल्या, ५ डिसेंबरला बंद झाला. हे मराठी भाषेचे लाड आहेत, असं त्यांचं म्हणणं. सरकारने खुलासा केला की हे मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेशी याचा संबंध नाही. पुढे 'प्राधिकरण'ही गेलं, 'निगम' आलं. त्या शब्दावर चर्चा झाली. मला सलतो तो दुसरा, जो कागदावर आलाच नाही: मराठी भाषिक.

मराठा आणि मराठी यांत फरक काय, असं विचारणाऱ्यांनी एकदा भालकी, औराद बघून यावं. मी एका लग्नानिमित्त भालकीला गेलो होतो. मांडवात माझ्याशी मराठीत गप्पा मारणारे लिंगायत होते, दलित होते, एक मुसलमान चाचा होते. त्यांची मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत! त्या निगमाच्या कागदात यांतला कुणीच बसत नाही. उलट कर्नाटकात घरी कन्नड बोलणारा मराठा बसतो. त्याला कर्ज मिळावं, माझी तक्रार नाही. पण ते भाषेचं काम नव्हे.

भाषिक अल्पसंख्याक या शब्दांना वजन आहे, मंडळी. घटनेचं ३५०-अ कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयींबद्दल बोलतं. १९५६ च्या केंद्रीय निवेदनानुसार जिथे एखादी भाषा बोलणारे पंधरा-वीस टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही निघायला हव्यात. याच १९५६ मध्ये बिदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) हैदराबाद राज्यातून म्हैसूरला जोडले गेले. 'मराठी भाषिक' लिहिलं की शाळा द्यावी लागते, शिक्षक द्यावा लागतो, नोटीस मराठीत छापावी लागते. 'मराठा' लिहिलं की कर्जाचा अर्ज पुरतो. आणि तो अर्ज कुठल्या भाषेत छापायचा, हा प्रश्नच उरत नाही!

आम्हा गोवेकरांना तरी हे कळायला हवं होतं. १९८७ च्या कायद्यात मराठी शासकीय कामासाठी वापरता येते, पण 'राजभाषा' हा शब्द कोंकणीला. 'वापरता येते' या दोन शब्दांवर कचेरीत काय होतं ते मी रोज बघतो. मराठीवर बंदी आहे का? छे! विचारा कुणालाही.

तेव्हा बिदरच्या निगमासाठी आनंदाने फटाके लावलेल्या माझ्या मित्रांनो, भालकीच्या त्या चाचांना एक पत्र लिहून कळवा, तुमच्या मराठीला नक्की काय मिळालं ते.