पाच ताऱ्यांची पोरं आणि माझी हजेरीवही

माझा भाचा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकतो. आपल्याकडे रविवारची सकाळ होते तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते आणि कॉलेज फुटबॉलचे सामने नुकतेच संपलेले असतात. भाच्याचा फोन लागला की "खाला, कशा आहात?" एवढं विचारून होतं न होतं, तोच मागून त्याच्या रूममेटचा आवाज येतो आणि दोघांची जुंपते. रूममेट टेक्सासचा. त्याची निष्ठा टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाच्या टीमवर. वाद नेहमी एकच: कुणाच्या टीममध्ये जास्त गुणवान पोरं आहेत आणि कुणाची टीम जास्त भारी.

हे फुटबॉल आपलं नव्हे. खांद्यावर चिलखत, डोक्यावर हेल्मेट, लांबट चेंडू आणि तो बहुतेक वेळ हातातच. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. मला नियम अजूनही धड कळत नाहीत. पण एक गोष्ट ऐकली आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. तिथे शाळकरी खेळाडूंना तारे देतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किती उंच, किती वेगवान, शाळेत कसा खेळला हे पाहून खासगी संस्था त्याला दोन, तीन, चार किंवा पाच तारे देतात. पाच ताऱ्यांच्या पोराच्या दारात मोठमोठ्या कॉलेजांचे प्रशिक्षक रांग लावतात. दोन ताऱ्यांच्या पोराचा फोन वाजेलच असं नाही.

रूममेटचं म्हणणं, तारे खोटं बोलत नाहीत. आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत. गेल्या वीसेक वर्षांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या बहुतेक टीममध्ये निम्म्याहून अधिक भरती चार-पाच ताऱ्यांची होती. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट ही नावं वर्षानुवर्षं वर दिसतात ती उगाच नाहीत. गुणवत्तेने काही होत नाही असं म्हणणाऱ्याला मैदान माहीत नाही.

यावर भाचा 2022 साल काढतो. त्या वर्षी ए अँड एमने जी पोरं भरती केली, ती ताऱ्यांच्या हिशेबात तोवरची सगळ्यात भारी तुकडी मानली गेली. मोसम संपला तेव्हा हिशेब होता पाच विजय, सात पराभव. सप्टेंबरमध्ये तर ॲपलाचियन स्टेट नावाच्या लहान कॉलेजाने त्यांना त्यांच्याच मैदानात 17-14 असं हरवलं. "पोरं पहिल्या वर्षाची होती," असा रूममेटचा बचाव. तोही खराच. पण त्यातले बरेच जण पुढे दुसऱ्या कॉलेजांत निघून गेले, हेही खरं.

मग रूममेट गालात हसत विचारतो, "आणि 2007?" भाचा गप्प होतो. कारण याच ॲपलाचियन स्टेटने 1 सप्टेंबर 2007 रोजी मिशिगनला, तेव्हाच्या देशातल्या पाचव्या क्रमांकाच्या टीमला, लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर 34-32 असं हरवलं होतं. ही टीम तेव्हा खालच्या गटातली. मोठ्या कॉलेजांना 85 खेळाडूंना शिष्यवृत्ती देता यायची, या गटाला फक्त 63. पण त्या आधीची सलग दोन वर्षं ते आपल्या गटाचे विजेते होते. त्या पोरांना एकमेकांची सवय होती.

मला वाटतं, दोघंही बरोबर आहेत. चूक एवढीच की ते दोन वेगळे प्रश्न एकाच तराजूत घालतात. हजार पोरांना तारे दिले तर पाच ताऱ्यांची पोरं सरासरीने पुढे जातील. मोजमाप गर्दीबद्दल खरं बोलतं. पण समोर उभ्या असलेल्या एका पोराबद्दल ते फक्त अंदाज करतं, आणि आपण त्या अंदाजाला निकाल समजतो.

शिवाय तारा नुसता अंदाजही राहत नाही. पाच ताऱ्यांच्या पोराला सरावात जास्त संधी मिळते, चुकला तर पुन्हा मिळते. दोन ताऱ्यांचा एकदा चुकला की म्हणतात, बघा, आम्ही म्हटलंच होतं.

टॉम ब्रेडी याच मिशिगनचा. 2000 साली व्यावसायिक संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची निवड केली तेव्हा त्याचं नाव 199 व्या क्रमांकावर आलं. त्याच्या जागेवर खेळणारे सहा जण त्याच्या आधी उचलले गेले होते. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. हुसैन अब्दुल्लाह वॉशिंग्टन स्टेटचा. 2008 मध्ये अडीचशेच्या वर खेळाडू निवडले गेले, त्यात तो नव्हताच. तरी एका संघाने त्याला घेतलं आणि त्याने जागा मिळवली. 2012 मध्ये भावासोबत हजला जाण्यासाठी त्याने अख्खा मोसम सोडला आणि नंतर परत येऊन खेळला. 29 सप्टेंबर 2014 च्या सामन्यात त्याने एक पास मधेच पकडला, धावत जाऊन गुण मिळवले आणि मैदानावरच सजदा केला. पंचांनी दंड ठोकला. दंड चुकीचा होता, असं दुसऱ्या दिवशी लीगने मान्य केलं. तो पास फेकणारा होता टॉम ब्रेडी. यादीने ज्यांना मागे ठेवलं किंवा घेतलंच नाही, असे दोघं तिथे समोरासमोर होते.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना माझी जुनी हजेरीवही सापडली. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांतली. नावांपुढे पेन्सिलीने मी 'हु', 'म', 'क' लिहिलं होतं. हुशार, मध्यम, कच्चा. जूनमध्येच. शाळा सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नसतील. एका मुलाच्या नावापुढे 'क' होता, आणि पुढे वर्षभर त्याच्या तोंडी परीक्षेच्या रकान्यात तोच एक आकडा, वीसपैकी सात. पहिल्या सत्रात सात, दुसऱ्या सत्रात सात. वर्गातले सगळे आकडे थोडेफार हललेले, त्याचा मात्र जागचा हलला नव्हता.

मी त्याला दुसऱ्यांदा नीट ऐकलंच नसणार. वहीत पाहून सात लिहिले असणार.

तो पुढे मोठा माणूस झाला आणि मला खजील करायला परत आला, असं काही घडलेलं नाही. तो आज कुठे आहे मला ठाऊक नाही. तो हुशार होता की खरंच कच्चा, हेही ठाऊक नाही. ते शोधणं माझं काम होतं.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "खाला, पण यादी तर करावीच लागते ना?" करावी लागते. चाळीस मुलांच्या वर्गात कुणाला जास्त वेळ द्यायचा हे ठरवायला यादी लागतेच. यंदा मीही केली आहे. फरक एवढाच की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती मिटवते, वही बंद ठेवते आणि शेवटच्या बाकापासून प्रश्न विचारायला सुरुवात करते.