सोयरीक आणि सिंहासन



घराणे पाहून सोयरीक जुळविण्याची चाल आपल्याच समाजात आहे असे नव्हे. राजवाड्यांतही ती होती, व तेथे तिची किंमत पुष्कळदा निरपराध्यांनी मोजली. बोस्नियाचा राजा स्टीफन तोमाश याची हकीकत या दृष्टीने आम्हांस सांगावीशी वाटते.

तोमाश हा ओस्तोया राजाचा अनौरस पुत्र. सामान्य घरातील वोयाचा नावाच्या स्त्रीशी त्याने संसार मांडला होता, आणि तिच्यापासून त्याला स्टीफन नावाचा मुलगा होता. १४४३ साली निपुत्रिक राजा दुसरा त्वर्तको वारला व गादी तोमाशकडे आली. परंतु दक्षिणेकडील बलाढ्य सरदार स्टीफन वुकचिच कोसाचा त्यास राजा मानीना. बोस्नियात त्या काळी रोमपासून फटकून असलेली एक निराळी मंडळी होती. तोमाश तीतच वाढला होता. तो आता कॅथलिक झाला आणि त्याने पोप चौथे यूजीन यांच्याकडे दोन मागण्या केल्या: आपला जन्म औरस मानावा आणि वोयाचेशी झालेला विवाह रद्द ठरवावा. मे १४४५ मध्ये दोन्ही मान्य झाल्या. कुळ हलके, एवढेच त्या बिचारीचे न्यून! विवाहाची गाठ अतूट म्हणून वेदीपुढे सांगणाऱ्या आम्हांस हे पान वाचताना अवघडल्यासारखे होते, ते लपवून काय उपयोग?

पुढील वर्षी कोसाचाची कन्या कातारीना राणी झाली. वैर मिटावे म्हणून ही सोयरीक. पण पाच वर्षांतच सासऱ्याविरुद्ध रागूसा नगरीशी, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकशी, जावयाने हातमिळवणी केली. १४५९ मध्ये त्याने वोयाचेच्या मुलाचा विवाह सर्बियाच्या दिवंगत अधिपतीची कन्या मारिया हिच्याशी लावला. सूनबाईबरोबर स्मेदेरेवोचा किल्लाही आला, व तीन महिन्यांच्या आत तो तुर्कांच्या हाती गेला.

जुलै १४६१ मध्ये तोमाश वारला. नोव्हेंबरात यायत्से येथे पोप दुसरे पायस यांनी पाठविलेला मुकुट चढला तो टाकलेल्या वोयाचेच्या मुलाच्या मस्तकी. ज्या स्त्रीसाठी आपल्या आईला दूर केले, त्या सावत्र आईचा राजमाता म्हणून मान त्याने राखला. या साऱ्या घराण्यात आम्हांस सर्वांत थोर वाटते ते हेच कृत्य.

दोन वर्षेही झाली नाहीत तोच सुलतान दुसरा महंमद चालून आला. जीवदानाचे वचन मिळाल्यावर तरुण राजाने क्ल्युच येथे शरणागती पत्करली. तरीही यायत्सेजवळ त्याचा शिरच्छेद झाला. १८८८ साली उकरून काढलेल्या ज्या अस्थी त्याच्या म्हणून मानतात, त्या तेथील फ्रान्सिस्कन मठात जपून ठेवलेल्या आहेत.

कातारीना दुब्रोव्निकमार्गे रोमला गेली व पोपांच्या वर्षासनावर राहिली. सिगिस्मुंड आणि कातारीना ही तिची दोन्ही मुले तुर्कांनी नेली होती. २० ऑक्टोबर १४७८ रोजी, मृत्यूपूर्वी पाच दिवस, तिने मृत्युपत्र केले. त्यात गेलेले राज्य पोपांच्या स्वाधीन केले. मात्र मुले ख्रिस्ती धर्मात परतली तर ते त्यांचे. रोममधील आराचेली येथील देवळात तिची समाधी आहे. सिगिस्मुंड मात्र इशाक बेग होऊन सुलतानाच्या चाकरीत राहिला.