झरमॅटची सुट्टी विकण्यापूर्वी

झरमॅट हे स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातले, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरचे गाव. कायमची वस्ती सहा हजारांच्या घरात, हॉटेले शंभरावर, आणि माथ्यावर ४,४७८ मीटर उंचीचा मॅटरहॉर्न. आल्प्समध्ये हिवाळ्यात श्रीमंत पाहुण्यांच्या पसंतीची जी मोजकी गावे आहेत, त्यांत सेंट मॉरिट्झ, ग्श्टाड आणि फ्रान्समधल्या कूर्शव्हेलच्या जोडीने झरमॅटचे नाव घेतले जाते. मराठी सहल कंपन्यांनी आजवर उन्हाळी सुट्टीत युंगफ्राऊ आणि टिटलिस दाखवले: बर्फात फोटो, गरम चहा आणि संध्याकाळी परत बस. एकाच गावात आठवडाभर मुक्काम करून स्कीइंग करण्याच्या सुट्टीचा हिशेब मुळातच वेगळा आहे. तिथे पाहुणा पैसे मोजतो ते खोलीच्या सजावटीपेक्षा गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या शिस्तीचे. ही शिस्त ज्याला माहीत नाही त्याला ही सुट्टी नीट विकताही येत नाही आणि पारही पाडता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झरमॅट हे शेतीवर आणि गुरांवर जगणारे गरीब खेडे होते. जुन्या वस्तीत धान्याची लाकडी कोठारे आजही उभी आहेत. प्रत्येक खांब आणि कोठाराचा तळ यांच्यामध्ये सपाट दगडी चकती बसवलेली असते, उंदीर वर चढू नयेत म्हणून. अलेक्झांडर झायलर याने १८५०च्या दशकात इथे हॉटेलचा धंदा सुरू केला. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर आणि त्याच्या सोबत्यांनी, एकूण सात जणांनी, मॅटरहॉर्नचे शिखर पहिल्यांदा गाठले. उतरताना दोर तुटला आणि चौघे मरण पावले. तो तुटका दोर गावच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. या अपघाताची बातमी युरोपभर गाजली आणि गावाकडे पाहुण्यांचा ओघ लागला. १८७९ मध्ये गावातल्या मूळ कुटुंबांच्या सामाईक संस्थेने ‘झरमॅटरहोफ’ हे हॉटेल उभारले. ते आजही त्याच संस्थेच्या मालकीचे आहे, आणि झरमॅट समजून घेताना ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात ठेवावी. नफ्याचा वाटा गावातच राहिल्यामुळे गावाला स्वतःवर बंधने घालून घेणे परवडले.

१८९१ मध्ये फिस्पहून रेल्वे आली. १८९८ मध्ये गोर्नरग्राटची विजेवर चालणारी दातेरी रेल्वे सुरू झाली आणि पाहुणे बसल्या जागी तीन हजार मीटरवर पोहोचू लागले. स्कीइंग मात्र फार उशिरा आले. १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हिवाळ्यात रेल्वे गावापर्यंत येत नसे आणि हॉटेलांना कुलपे असत.

बंधनांतले पहिले म्हणजे मोटारबंदी. पेट्रोल-डिझेलवरच्या खासगी गाड्या सुमारे पाच किलोमीटर खाली टेश इथे ठेवाव्या लागतात. तिथून बारा मिनिटांची रेल्वे. टेशच्या स्थानकातली सामानाची ढकलगाडी थेट डब्यात चढवता येते, म्हणून चार बॅगा असलेल्या कुटुंबालाही हमालाची गरज पडत नाही. वर पोहोचल्यावर स्थानकाबाहेर हॉटेलांची नावे लिहिलेली, पेटीच्या आकाराची छोटी विजेवरची वाहने उभी असतात. ही वाहने गावातल्याच कारखान्यात हाताने बांधली जातात. कितीही श्रीमंत पाहुणा असो, त्याची मोटार हॉटेलच्या दारात येत नाही, आणि या गावात शांतता मिळते ती त्यामुळेच. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडणाऱ्या मराठी पर्यटकाला ही व्यवस्था समजायला वेळ लागू नये. तरीही बुकिंग करतानाच ती सांगावी लागते. अन्यथा बसमधून उतरल्यावर चढणारा आवाज टूर मॅनेजरलाच ऐकावा लागतो.

शिस्त सुटली की काय होते, तेही झरमॅटने भोगले आहे. १९६३च्या हंगामात पिण्याच्या पाण्यात दूषित पाणी मिसळून इथे टायफॉइडची साथ पसरली. चारशेहून अधिक जणांना लागण झाली, तिघांचा मृत्यू झाला आणि आजारी पाहुणे ही साथ आपापल्या देशांत घेऊन गेले. मोठमोठी हॉटेले उभी राहत होती, पण पाणी आणि सांडपाण्याची सोय त्या वेगाने वाढली नव्हती. महाराष्ट्रातल्या थंड हवेच्या गावांत नवी बांधकामे करणाऱ्या हॉटेलमालकांनी हा प्रसंग जरूर अभ्यासावा.

डोंगरावरची शिस्त पाहुण्याला सहसा दिसत नाही, कारण ती तो झोपेत असताना पाळली जाते. रात्रभर यंत्रे उतारांवरचे बर्फ दाबून सपाट करतात. सकाळी पहिल्या गाडीने वर गेलेल्याला कंगवा फिरवल्यासारख्या बारीक रेघांचा कोरा उतार मिळतो. रात्री ताजे बर्फ पडले असेल तर हिमस्खलनाचा धोका असलेल्या जागी पहाटे स्फोट घडवून सैल थर मुद्दाम खाली आणला जातो, मगच उतार उघडतात. निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी एक ते पाच अशा आकड्यांत रोज जाहीर होते. आखलेल्या उताराबाहेर जायचे तर परवानाधारक गाइड हवाच. याबाबत पाहुण्याची मर्जी राखू नये.

प्रत्यक्ष स्कीइंगची सुरुवात होते भाड्याच्या दुकानात. स्कीचा बूट कडक असतो आणि तो स्कीला जोडणारे बाइंडिंग पडल्यावर ठरावीक जोराने आपोआप सुटावे लागते. तो जोर वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. दुकानदार वजन विचारतो तेव्हा संकोचाने दहा किलो कमी सांगितले तर बाइंडिंग उगाचच सुटते. शिकाऊ असून ‘येते मला’ म्हटले तर ते सुटायला हवे तेव्हा सुटत नाही आणि गुडघा जातो. थंडीच्या भीतीने दोन लोकरी मोजे घालणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. बूट आवळला जातो, रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिकच गार पडतो. गुडघ्यापर्यंत येणारा एकच पातळ मोजा पुरतो.

नवशिक्यांसाठी झरमॅट हे आल्प्समधले सर्वांत सोपे ठिकाण नाही, हे जाहिरातीत स्पष्ट लिहावे. शिकण्याचे उतार गावात नाहीत. बोगद्यातल्या रेल्वेने २,२८८ मीटरवरच्या सुनेगाला जावे लागते आणि मुलांचे व नवशिक्यांचे वर्ग तिथे भरतात. पहिले तीन दिवस सकाळी शिकवणी आणि दुपारी विश्रांती एवढाच कार्यक्रम असावा. ज्यांना स्कीइंग करायचेच नाही अशा आजी-आजोबांसाठी बर्फातल्या आखलेल्या पायवाटा आहेत, गोर्नरग्राट आहे आणि फिंडेलनच्या लाकडी घरांतली उपाहारगृहे आहेत. शाकाहारी जेवण मिळते. जैन जेवणासाठी हॉटेलच्या स्वयंपाकघराशी आधी लेखी बोलणी हवीत.

उंचीकडे आपल्या व्यवसायात फार दुर्लक्ष होते. मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज हे केबल कारचे स्थानक ३,८८३ मीटरवर, म्हणजे लेह शहरापेक्षाही उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती सांगणारे आयोजक इथे मात्र दुसऱ्याच सकाळी सर्वांना वर नेतात. हा बेत मुक्कामाच्या चौथ्या किंवा पाचव्या दिवशी ठेवावा, आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

याच स्थानकाकडून इटलीतल्या चेर्विनियाच्या उतारांवर जाता येते. दोन्ही देश शेंगेन करारात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. पण दुपारी वारा सुटला आणि वरच्या केबल कार बंद पडल्या तर परतीचा मार्ग उरतो तो रस्त्याचा, आणि डोंगराला वळसा घालायला कित्येक तास व भरमसाट टॅक्सीभाडे लागते. पासपोर्ट बरोबर ठेवणे आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाळणे हे दोन नियम गटाला आदल्या रात्री सांगावेत.

दरीतून वर येणारी वाट एकच आहे. १९९१ मध्ये रांडा गावाजवळ डोंगराचा कडा कोसळून रस्ता आणि रेल्वे दोन्ही गाडले गेले. जानेवारी २०१८ मध्ये हिमस्खलनाच्या धोक्यामुळे सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले आणि काहींना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. परतीचे विमान असेल त्या दिवशी झरमॅटहून निघण्याचा बेत म्हणूनच धोक्याचा. शेवटची रात्र झुरिकला किंवा जिनिव्हाला काढावी. हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेचे बिल पाहुण्याच्या नावे येते. साध्या प्रवास विम्यात हिवाळी क्रीडा पुष्कळदा वगळलेल्या असतात, म्हणून पॉलिसीतली ती ओळ आयोजकाने स्वतः वाचावी.

हंगाम साधारणपणे नोव्हेंबरअखेर ते एप्रिलअखेर. नाताळचे दिवस आणि फेब्रुवारीतल्या युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या सर्वांत महाग. त्यांच्या मधला जानेवारी तुलनेने मोकळा. मे महिन्यात, म्हणजे आपल्या मोठ्या सुट्टीत, हिवाळी उतार बंद झालेले असतात आणि स्कीइंग फक्त हिमनदीवर चालते. तेही आता हमखास राहिलेले नाही. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचे सुमारे दहा टक्के बर्फ वितळले. २०२२च्या जुलैअखेर झरमॅटला उन्हाळी स्कीइंग थांबवावे लागले, आणि हिमनदीवर ठरलेल्या विश्वचषक शर्यती दोन्ही वर्षी रद्द झाल्या. ‘बारमाही स्कीइंग’ असे शब्द माहितीपत्रकात छापू नयेत.

अशा सहलीवर जाणारा टूर मॅनेजर आधी स्वतः स्कीवर उभा राहिलेला असावा. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेत हिवाळ्यात प्राथमिक वर्ग चालतात. कंपन्यांनी आपली किमान दोन माणसे येत्या हंगामात तिथे स्वखर्चाने पाठवावीत, आणि मगच झरमॅटचे बुकिंग उघडावे.