अडुसष्ट रविवार

‘वेळ जात नाही’ हे वाक्य घरात कोण म्हणू शकतं, याचा मैत्रिणींनो, एकदा नीट विचार करू या.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि चार टप्प्यांत वाढत वाढत ३१ मेपर्यंत चालली. मोजून ६८ दिवस. त्या दिवसांच्या आठवणी लोक आता गोड करून सांगू लागले आहेत. ‘काय दिवस होते! मी बासरी शिकलो. मी स्वतःच्या हातानं पुस्तकांचं कपाट केलं. मी गच्चीवर टोमॅटो लावले.’ ऐकताना वाटावं की सगळा देश सुट्टीवर गेला होता. त्याच दिवसांत कडेवर मूल आणि डोक्यावर बोचकं घेऊन मजूर बाया मुंबई-नाशिक रस्त्यानं चालत होत्या. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. त्यांना कुणी छंद विचारला नाही. पण मला आज सांगायचं आहे ते त्यांच्याविषयी नाही. ज्यांच्या डोक्यावर छप्पर होतं, ज्यांचा पगार चालू होता, त्या घरांतही सुट्टी सगळ्यांना नव्हती, हे मला सांगायचं आहे.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरची गोष्ट. तिच्या नवऱ्यानं एप्रिलमध्ये पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली वडिलांची जुनी चेतक स्कूटर उघडायला घेतली. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, हात उचलत नाही. बँकेत नोकरी, आणि लहानपणापासून यंत्रांची आवड. कार्ब्युरेटर काढला, क्लच प्लेटा काढल्या, प्लग साफ केला. सुटे भाग रॉकेलमध्ये भिजत घालायला भांडं हवं होतं, म्हणून तिची कणीक मळायची परात गेली. मग दुसरी परात. गॅस्केट हवी होती, तर दुकानं बंद. म्हणून दोन्ही पराती आणि एक ताट बाल्कनीत जून संपेपर्यंत तशीच पडून राहिली. हिनं बॅटरी धरली, पाने हातात दिले, दिवसातून पाच वेळा चहा नेला, ग्रीसनं माखलेले शर्ट ब्रशनं घासले. सासूबाई सगळ्यांना फोनवर सांगत होत्या, ‘आमचा बसून राहणाऱ्यातला नाही हो.’ स्कूटर ऑगस्टमध्ये सुरू झाली. सोसायटीत टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्या ६८ दिवसांत हिनं दिवसाला तीस-पस्तीस पोळ्या लाटल्या. त्याचा फोटो काढण्यासारखं काय होतं त्यात?

इथंच खरी मेख आहे. स्कूटर एकदा दुरुस्त झाली की दिसते आणि पुढं वर्षभर सांगता येते. पोळी तासाभरात संपते. लादी पुसलेली कुणाला दिसत नाही, न पुसलेली लगेच दिसते. एकाच घरात, एकाच छपराखाली दोन माणसं राबली. एकाच्या श्रमाला ‘प्रोजेक्ट’ नाव मिळालं आणि दुसरीच्या श्रमाला नावच मिळालं नाही. श्रम दोघांचे, ग्रीस आणि तेलाचे डाग दोघांच्या अंगावर. पण त्यानं ते काम मनात आलं म्हणून घेतलं होतं, कंटाळा आला तर टाकून देऊ शकत होता. तिनं एका संध्याकाळी ‘आज मला कंटाळा आला’ म्हणून कणीक अर्धवट सोडली असती तर काय झालं असतं, ते आपण सगळ्या जाणतो.

इंग्लंड-अमेरिकेत घराला गॅरेज असतं, परसात शेड असते. तिथं पुरुष करवत, रंधा, ड्रिल घेऊन रमतात. आपल्याकडं गॅरेज म्हटलं की मेकॅनिकचं दुकान. दोन खोल्यांत राहणाऱ्याकडं कुठलं आलंय गॅरेज? पण गॅरेज म्हणजे नेमकं काय, ते पाहा. अर्धवट काम पसरून ठेवावं, दार ओढून घ्यावं, आणि दुसऱ्या दिवशी ते तसंच सापडावं, अशी ती जागा. एवढ्याच अर्थानं पाहिलं तर आपल्या पुरुषांना गॅरेज कुठंही मिळतं. पार्किंगमध्ये मिळतं, पडवीत मिळतं, बाल्कनीत मिळतं, प्रसंगी जेवायच्या टेबलावर मिळतं. ‘हात लावू नका, काम चालू आहे’ एवढं म्हटलं की पुरतं. आता बाईचं शिलाई मशीन बघा. ते कोपऱ्यात असतं आणि त्यावर इस्त्रीचे कपडे, मुलांची दप्तरं, कधी पाण्याची कळशी. ती ब्लाउज बेतायला बसली तर जेवणवेळेच्या आत कापड गुंडाळून उठते. तिचं अर्धं काम रात्रभर पसरलेलं राहू शकत नाही. व्हर्जिनिया वूल्फनं १९२९ मध्ये लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली आणि वर्षाला ५०० पौंड मागितले होते. आमच्या बऱ्याच जणींची मागणी त्याहून लहान आहे. चार बाय दोनची फळी, जिच्यावरचं कुणी उचलणार नाही.

‘पण टाळेबंदीत आमचे हे स्वयंपाक शिकले बरं का!’ हे वाक्य मी बैठकींतून इतक्यांदा ऐकलं आहे की आता हसू येतं. काय शिकले? डालगोना कॉफी शिकले, जिला अर्धा तास फेटावं लागतं आणि चार भांडी लागतात. पिझ्झा शिकले, केकसदृश काहीतरी शिकले. रोजची आमटी, सकाळचा डबा, आजारी सासऱ्यांची पेज, उरलेल्या भाताचं काय करायचं याचा विचार, हे कोण शिकलं? पुरुष ओट्याशी आला तो छंद म्हणून आला. मागं राहिलेली भांडी छंदात मोडत नव्हती.

भावना बाजूला ठेवू आणि आकडे बघू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. म्हणजे चार पुरुषांतला एक. आणि जे करतात त्यांची सरासरी काढली तर बाई दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. मग टाळेबंदी आली आणि गेली. पुरुष म्हणे बदलला. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. बाई २८९ मिनिटं, पुरुष ८८. शिकून तयार झालेल्या पुरुषांची मिनिटं वाढलेली नाहीत, उलट नऊनं घटली आहेत!

कुणी म्हणेल, त्याच पाहणीत करमणुकीची मिनिटं दोघांची जवळजवळ सारखी दिसतात, मग तक्रार कसली? तक्रार अशी की बाई मालिका बघते तेव्हा तिच्या मांडीवर गवारीची शेंग असते. ती कधी उठेल हे कुकरची शिट्टी ठरवते. पाच-दहा मिनिटांचे तुकडे जोडून दिवसाचा हिशेब पुरा होतो, पण त्या तुकड्यांत स्कूटर दुरुस्त होत नाही, तबला शिकून होत नाही, कथा लिहून होत नाही. छंदाला लागतो तो सलग वेळ, ज्यात कुणी ‘अगं ऐकलंस का’ म्हणून हाक मारणार नाही. त्या ६८ दिवसांत घरातली चारही माणसं चोवीस तास घरात होती. हाका किती वाढल्या असतील, त्याची पाहणी कुठल्या कार्यालयानं केलेली नाही.

आता एक कडू गोष्ट, आपल्यातल्या नोकरदार मध्यमवर्गीय बायकांसाठी. आपला भार एवढा वाढला कशानं? नवऱ्यानं उचलला नव्हता तो भार रोज सकाळी आठ वाजता दुसरी एक बाई येऊन उचलत होती, आणि सोसायटीच्या गेटवर तिला अडवलं गेलं, म्हणून. इतकी वर्षं घरातलं भांडण आपण सोडवलं नव्हतं, ते तिच्या अंगावर ढकललं होतं. त्या दोन महिन्यांत कित्येक घरांनी तिचा पगार कापला. त्याच घरांत व्यायामाची सायकल आली, केकच्या भट्ट्या आल्या. तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत नवरा बेकार, मुलं घरी, नळाला पाणी तासभर. तिला विचारा ‘वेळ कसा घालवलात?’ म्हणून. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध लागले तेव्हा सरकारनं नोंदणी झालेल्या घरकामगारांना १५०० रुपये जाहीर केले. ज्या बाईची नोंदणीच झाली नव्हती, तिच्यासाठी ती नुसती बातमी होती.

आणि मास्क! गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांनी रात्र रात्र जागून मास्क शिवले. हे उत्पादन होतं, साथीच्या काळातलं अत्यावश्यक उत्पादन. त्याचं कौतुक कोणत्या शब्दांत झालं? ‘महिलांनी केला मोकळ्या वेळेचा सदुपयोग.’ कुणाचा मोकळा वेळ? एखाद्या मुलानं घरात पाइप आणि मोटर जोडून काही यंत्र केलं असतं तर तो संशोधक ठरला असता, वर्तमानपत्रानं त्याची मुलाखत घेतली असती. कापड बेतणं, घडी मोडणं, इलास्टिक ताणून टीप मारणं, दिवसाला शेकडो नग एका मापाचे काढणं, हे कौशल्य नव्हे काय? पण सुई-दोरा बाईच्या हातात जन्मजात येतो असं समाजानं ठरवून टाकलं आहे. जन्मजात आलेल्याला कोण मजुरी देतो?

छंदाचं आणखी एक राजकारण त्या काळात पाहिलं. पुरुष घरात कोंडला की चिडतो, म्हणून त्याचं मन कशात तरी गुंतवा, असा सल्ला बायकांना सर्रास दिला गेला. मलेशियात तर सरकारच्या महिला खात्यानंच घरी नटूनथटून राहा, नवऱ्यामागं कटकट लावू नका, अशी पोस्टर्स काढली. गदारोळ झाल्यावर माफी मागितली. आपल्याकडं २०२० मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाकडं २३,७२२ तक्रारी आल्या, त्याआधीच्या सहा वर्षांतल्या सर्वाधिक. पुणे जिल्हा परिषदेनं त्या एप्रिलमध्ये जाहीर केलं होतं की बायकोला मारणाऱ्या पुरुषाला उचलून विलगीकरण केंद्रात ठेवू. हे मला आवडलं होतं. निदान घराबाहेर कुणी जायचं, हा प्रश्न कधी नव्हे तो उलट्या बाजूनं विचारला गेला. त्याला छंद लावायची जबाबदारीही तिचीच, तो चिडला तर चूकही तिचीच, हे गणित किती दिवस चालवून घ्यायचं?

आपल्या चळवळीतून मला एक आक्षेप येणार हे ठाऊक आहे. ‘रेशन, पाणी, मारहाण, हुंडा एवढे प्रश्न असताना तुम्ही बायकांच्या छंदाबद्दल काय लिहिता? ही चैन आहे.’ याला माझा स्पष्ट विरोध आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी पहिल्यांदा मोठ्यानं काय मागितलं होतं? रविवार. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली. २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्यांना रेशनचे, मारहाणीचे प्रश्न नव्हते थोडेच? पण आठवड्यातला एक दिवस आपला असावा, त्यात काय करायचं ते मालकानं विचारू नये, ही त्यांना चैन वाटली नाही, हक्क वाटला. त्या दोघीजणी सभेत बोलल्या, सुट्टी मिळाली, आणि रविवारी त्या घरी काय करत असतील? धुणं. आठवड्याचं दळण. नवऱ्याच्या मित्रांसाठी मटण.

रविवार हा घरातल्या बाईचा सगळ्यात जड दिवस असतो. टाळेबंदी म्हणजे असे ६८ रविवार एकापाठोपाठ एक.

बायकांनी त्या काळात काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. क्रोशाचे रुमाल झाले, कुंड्या भरल्या, लोणची-पापड झाले. पण यादी पाहिलीत? प्रत्येक गोष्ट घराच्या उपयोगाची. बाईच्या छंदाला आधी उपयोगाचा दाखला लागतो. चेतक स्कूटरचा उपयोग काय होता? घरात दुसरी गाडी होती. आमच्या गटातल्या एकीनं मात्र वेगळंच केलं. माळ्यावरचं ड्रिल काढून तिनं स्वतः भिंतीत चार भोकं पाडली आणि फळी बसवली. पहिलं भोक वाकडं गेलं, प्लास्टर निघालं. नवरा म्हणाला, ‘कशाला, मी केलं असतं ना.’ चार वर्षं तो करणारच होता. फळी अजून आहे. तिच्यावर ती पाण्याचे रंग आणि कागद ठेवते, आणि चित्रं कुणाला दाखवत नाही. घरी सगळे विचारतात, याचं पुढं काय करणार? काही नाही करणार.

तेव्हा येत्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं एका कागदावर लिहायचं. घरात माझं अर्धवट ठेवलेलं, माझ्या मनातलं काम कोणतं? ते किती दिवस तसंच पसरून ठेवता येतं? मी ते करत असताना मला किती हाका येतात? एका आठवड्याची नोंद पुरे, वेळ लिहून. हे कागद एकत्र करून त्यांची मोजणी आपणच करू. ज्यांच्या घरी कामाला बाई आहे त्यांनी तिची आठवड्याची पगारी सुट्टी या महिन्यापासून लेखी द्यावी, आणि त्या दिवशीची भांडी आपण एकटीनं घासत बसू नये. ‘एवढं काय लिहून घ्यायचं, आमच्याकडं सगळे मदत करतात’ असं जी म्हणेल, तिला आधी विचारा की गेल्या रविवारी सकाळचा पहिला चहा कुणी टाकला होता.