खडक फुटला अमेरिकेत, चर आमच्या वरकसात



कुठल्याही लाईनचे मोजणीवाले वाडीवर आले की पहिलं वाक्य ठरलेलं: "जमीन तुमचीच राहणार, नळ फक्त खालून जाणार." आपलेही काही जण म्हणतात, जाऊ दे की, गॅसच आहे, चुलीपुढं डोळे फोडण्यापेक्षा बरा. म्हणून हा गॅस कुठला, ते आधी बघू.

गुजरातच्या दहेजहून नागोठण्याला जी लाईन आली, ती इथेन वायूची. तो मुंबई हायचा नाही. २०१७ पासून रिलायन्स तो अमेरिकेतून जहाजानं आणते. तिकडे शेल नावाच्या खडकातून तो काढतात. किलोमीटर-दोन किलोमीटर खोल भोक पाडायचं, ते आडवं वळवायचं आणि पाणी, वाळू, रसायनं दाबानं कोंबून खडक तडकवायचा. एका विहिरीला कोटी लिटरच्या वर पाणी सहज लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे हजार टँकर. मार्चपासून हंडा घेऊन डवऱ्याशी बसणाऱ्या आमच्या बायांना हा हिशेब कुणी समजवायला नको. फ्रान्सनं २०११ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली, २०१४ मध्ये खुद्द अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यानं जाहीर केली. आणि इथेन काही आपल्या चुलीत येत नाही, त्याचं प्लास्टिक होतं. तेव्हा बायांच्या डोळ्यांतल्या धुराचा दाखला इथं कुणी देऊ नये.

आता "जमीन तुमचीच" याचा अर्थ. १९६२ चा पाईपलाईन कायदा म्हणतो, त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर-तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही. मोबदला म्हणजे झालेलं नुकसान, आणि वर बाजारभावाच्या १० टक्के. लाखाची जमीन असेल तर दहा हजार. वरकसात आंबा-काजू लावायचा नाही, तर तिथं आमचं उरलं काय? सातबाऱ्यावरचं नाव. दळीवाल्यांचं तर तेही नाही.

हरकतीला मुदत २१ दिवस. दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्टीवर असते. राजपत्र काही भट्टीवर येत नाही.

जंगलजमिनीचं आणखी वेगळं. ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्रानं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं पाईपलाईनसारख्या लांब पट्ट्याच्या कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. वनहक्क कायदा २००६ चा, त्याला हे एका पत्रानं भोक! पण त्याच पत्रात लिहिलंय की आदिम जमातींच्या मान्य हक्कांना धक्का लागत असेल तर सूट नाही. कातकरी आदिम जमातीत येतात. ठाकर भावांना ही ढाल नाही, हे खरं. म्हणूनच ठराव दोन्ही वाड्यांनी एकत्र बसून करावा, असं आम्हाला वाटतं.

मात्र शब्द नीट वाचा, 'मान्य' हक्क. कपाटात पडलेला दावा चालणार नाही. ज्यांचे दळीचे दावे अडकलेत, त्यांनी भट्टीची उचल घेण्याआधी ग्रामसभेत ते पुन्हा वाचून घ्यावेत, उपविभागीय समितीकडे लेखी मागणी करावी आणि शिक्क्याची पोच घ्यावी. पोच नसेल तर कागद दिला असं धरू नका.